वच्छलाबाईच्या भीतीचे हिस्से

सावरबोडीच्या बायांनी मागितली होती पाल. आता पाल म्हणजे काय, हे आरमोरीच्या बाजारात कुणालाही विचारा. कापलेल्या धानाच्या पुंजन्यावर, म्हणजे रचलेल्या ढिगावर, झाकायचं जाड कापड, दुसरं काय? ऐन कापणीत अवकाळी आला की पुंजने भिजतात, धानाला कोंब फुटतात, म्हणून बचत गटाच्या बाया सरकारी साहेबांच्या बैठकीत उभ्या राहिल्या आणि सगळ्यांच्या वतीने वच्छलाबाई म्हणाली, "आमाले पाल पायजे साहेब. मोठी पायजे, वाऱ्यात टिकणारी पायजे." साहेब बाहेरून आलेले, शिक्षण सगळं हिंदीतून झालेलं. त्यांच्या लेखी पाल म्हणजे होडीचं शीड. गावाला तलाव आहे आणि बायांना शीड हवं आहे, तेही वाऱ्यात टिकणारं! साहेबांना गहिवरून आलं. इतकी दूरदृष्टी त्यांनी आजवर एकाही बचत गटात पाहिली नव्हती. यथावकाश एक ट्रक आला आणि त्यातून रंगीत शिडं, डोलकाठ्या, लांबलचक गुळगुळीत फळ्या आणि नारिंगी जाकिटं उतरली.

बायांनी तक्रार केली नाही. वरून आलेली वस्तू परत पाठवली की पुढची येत नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. वच्छलाबाईच्या नवऱ्याने, मुखरूने, त्यातलं एक शीड पुंजन्यावर पसरलं आणि कोपरे दगडांनी दाबले. दुपारी वारा सुटला तेव्हा शिडाने आपलं काम चोख केलं. पुंजन्यावरच्या पेंढ्या उचलल्या आणि बांध ओलांडून पलीकडे लहानूभाऊच्या शेतात नेऊन टाकल्या. लहानूभाऊ एकटा म्हातारा माणूस, त्याने त्या ठेवून घेतल्या. चालून आलेल्या धानाला नाही म्हणायची त्याची रीत नव्हती.

मग साहेबांनी पाठवलेले एक सर मालवणकडून आले. कोवळेच होते बिचारे, पण फळीवर उभे राहिले की पाणी त्यांचं ऐकायचं. त्यांनी बायांना शिकवायला घेतलं. फळीवर उभं राहायचं, शिडाचा दांडा दोन्ही हातांनी धरायचा, वारा शिडात घ्यायचा आणि जायचं. रुखमा एकदा चढली, एकदा पडली आणि म्हणाली, ही फळी साबण लावून पाठवली आहे. बायनाबाईने तर काठावरूनच हात जोडले. राहता राहिली वच्छलाबाई. चाळिशी ओलांडलेली, मुखरूची जुनी फुलपँट दोरीने कमरेला आवळलेली, आणि पडली तरी पुन्हा चढणारी. धानाचा रोवणा नाही, शेतात निंदण नाही, असा एकही दिवस तिने सोडला नाही.

का, ते सांगायला हवं, कारण गावाने फार वेगवेगळी कारणं सांगितली. खरं कारण एवढंच होतं की पाण्याच्या मध्यावर तिला कुणी हाक मारू शकत नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून तिच्या दिवसातला एक घटका अशी गेली नव्हती की जिच्यात कुणी तिचं नाव घेऊन काही मागितलं नाही. शीड वाऱ्याने भरलं की काठावरून मुखरू कितीही ओरडो, तिला ऐकू येत नसे. तिथे तिला फार बरं वाटायचं. इतकं बरं की परतताना कधीकधी रडू यायचं.

सर जाताना एक करामत दाखवून गेले. फळी लाटेवरून हवेत उडवायची आणि शिडासकट, माणसासकट एक पूर्ण कोलांटी घेऊन पुन्हा पाण्यावर उभं राहायचं. याला लूप म्हणतात, ते म्हणाले. बायनाबाईने पदर तोंडावर घेतला, कारण तिच्या काळी पाळणा लांबवायची लूप दवाखान्यात नर्सबाई बसवून द्यायची. सरांना यातलं काही कळलं नाही. ते वच्छलाबाईला एवढंच सांगून गेले, "मान मागच्या खांद्याकडे वळवायची, मागचा हात जवळ ओढायचा आणि काही झालं तरी हात सोडायचा नाही. घाबरलं की हात सुटतो. सुटला की लागतं."

एवढ्यावर ही गोष्ट संपली असती. पण साहेबांचा निरोप आला की पाहणीला येतो आहे, बायांनी लूप करून दाखवावी. ती झाली तर सामान इथेच राहील. नाही झाली तर ते दुसऱ्या तालुक्यात जाईल, तिकडे गरजू लोक फार आहेत.

वच्छलाबाईची झोप उडाली. तिने प्रयत्न केले नाहीत असं नाही. वारा असेल तेव्हा ती लाटेवर चढायची, फळी पाण्यातून सुटायची आणि नेमक्या त्याच वेळी भीतीने हात सुटायचे. दर वेळी शीड एकीकडे, ती दुसरीकडे. कधी पाठ शेकून निघायची, कधी नाकातोंडात पाणी. घरी येऊन ती चुलीपुढे बसायची आणि मुखरूने काय झालं विचारलं की म्हणायची, काई नाई.

शेवटी विषय ग्रामसभेत गेला. तलाव ग्रामसभेच्या ताब्यातला, म्हणजे तलावावर जे होईल ते ग्रामसभेचं. सावरबोडीच्या सभेत मतदान नसतं. सगळे हो म्हणेपर्यंत बसायचं असतं, आणि एक जरी नाही म्हणाला तरी विषय पुढच्या सभेत. ही पद्धत लहानूभाऊला फार मानवली होती. गेली कितीतरी वर्षं गावात जे काही झालं नाही, ते त्याच्यामुळे झालं नाही.

अध्यक्ष सत्यशीलाबाई, अंगणवाडी चालवणाऱ्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "वच्छलाबाईले भेव लागते म्हून लूप होत नाई. लूप नाई झाली त फळ्या जातीन. आता बोला."

"माही सहमती नाई," लहानूभाऊ म्हणाला.

"भाऊ, अजून ठराव मांडला नाई."

"मांडसान तवा येळ जाऊ नये म्हून सांगून ठेवलो."

कुणी म्हणालं, अंगारा आणावा. कुणी म्हणालं, भेवाले औषध नसते. बांबू तोडणारा निकेश म्हणाला, डोळे बांधून पाठवा. चर्चा अशी तापत असताना रुखमा उठली. रुखमा सभेत सहसा बोलत नाही, आणि बोलली की लोकांना घरी जायला उशीर होतो.

"तलाव कोनाचा?" तिने विचारलं.

"गावाचा."

"तलावातले मासे कोनाचे?"

"गावाचे."

"मंग तलावात जे भेव लागते, ते एकट्या वच्छलाचं कसं काय? तिनं काय ते घरून नेलं होतं?"

मुद्दा इतका सरळ होता की त्यात खोट काढायला जागाच नव्हती. मासे निघाले की घरागणिक हिस्सा, बांबू निघाला की घरागणिक हिस्सा. भीती निघाली तर ती एकीनेच का खावी? सत्यशीलाबाईंनी ठराव मांडला आणि सगळ्यांनी लहानूभाऊकडे पाहिलं.

"माह्या घरी मी एकलाच हाओ," तो म्हणाला. "माले हिस्सा भेटन का?"

"घर तिथं हिस्सा, भाऊ."

"मंग सहमती," लहानूभाऊ म्हणाला. मागे बसलेल्या काही जणांना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

वाटणी माशांसारखीच झाली. तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, पळसाची पानं ओळीने मांडली. मासे वाटताना एक जण पाठमोरा उभा राहतो, दुसरा एकेका ढिगावर बोट ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" आणि पाठमोरा माणूस न बघता एका घराचं नाव घेतो. मग मोठा मासा कुणाला गेला यावरून भांडण होत नाही. सत्यशीलाबाई पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. वच्छलाबाई पहिल्या पानापुढे उकिडवी बसली आणि तिला कळेना, सुरुवात कुठून करावी. भीती ढोबळ असते तेव्हा मोठी दिसते, पानापानावर ठेवायची म्हटलं की तिचे तुकडे करावे लागतात.

"नाकात पानी जाते, हे," ती पानाकडे वाकून म्हणाली.

"हा कोनाचा?"

"बायनाबाईचा," सत्यशीलाबाई म्हणाल्या. बायनाबाईने पान उचललं, दुमडलं आणि पदरात घेतलं.

डोलकाठी तोंडावर आदळेल, ही भीती निकेशच्या घरी गेली. सगळ्या गावापुढे फुलपँट सुटेल, ही रुखमाच्या. लोक हसतील, ही नेमकी वच्छलाबाईच्याच घरी आली, तेव्हा मुखरूने पुढे होऊन ती उचलली आणि म्हणाला, घरचा हिस्सा मी नेतो, तू हातही लावू नको. पायाखाली काहीच नसतं, ही पोलीस पाटलाकडे. असं करत करत ती शेवटच्या पानापाशी आली आणि ते पान उगाच सरळ करत राहिली. लोक चुळबुळ करायला लागले.

"मी घरी वापस आलीच नाई त," ती हळूच म्हणाली.

"हा कोनाचा?"

"लहानूभाऊचा."

लहानूभाऊने पान दोन्ही हातांनी उचललं. त्याच्या हिशेबाने ते चांगलंच भारी होतं आणि तो खूश झाला.

पुढचे दिवस सावरबोडीत मोठे गमतीचे गेले, म्हणजे ज्यांना हिस्सा मिळाला नव्हता त्यांच्यासाठी, आणि तसं कुणीच नव्हतं. बायनाबाई मानेखालीच आंघोळ करू लागली. निकेशला बांबू दिसला की तो रस्ता बदलायचा, आणि त्या गावात बांबू नाही असा रस्ता नाही. रुखमा एका हाताने लुगड्याची गाठ धरून दुसऱ्या हाताने भाकर थापायची, त्या भाकरी होडीच्या आकाराच्या व्हायच्या. मुखरूने पानठेल्यावर जाणं सोडलं. तिथे चार लोक हसताना दिसले की तो आपली चप्पल तपासायचा. पोलीस पाटील दर पावलाआधी जमीन चाचपून बघायचा, त्यामुळे त्याला कुठेही पोचायला उशीर होई, पण तो फरक कुणाच्या लक्षात आला नाही.

आणि वच्छलाबाई? तिच्याकडे एक कणही उरला नव्हता. ती चूल पेटती ठेवून बाहेर जायची. मारक्या बैलाच्या पुढ्यातून त्याच्या शिंगांवर हात फिरवत निघून जायची. शेताकडच्या ज्या पांदीत सकाळीच वाघाचे पंजे उमटलेले लोकांनी पाहिले होते, त्या पांदीतून ती गाणं गुणगुणत सरपण घेऊन आली. मुखरू तिच्यावर ओरडला, तर ती त्याच्याकडे प्रेमाने बघत राहिली. मुखरूला वाटलं, ही आपल्याला हसते आहे, आणि तो आत जाऊन बसला.

लूप मात्र झाली नाही, कारण वाराच पडला होता. ती रोज फळी घेऊन जायची आणि तळ्यात तरंगून परत यायची. पारीवर लहानूभाऊ बसलेला असायचा. ती गेली की तो उभा राहायचा, ती आली की बसायचा. तिला वाटायचं, म्हाताऱ्याचे पाय दुखत असतील.

पाहणीच्या दिवशी मात्र वारा सुटला, आणि कसा सुटला. साहेबांची टोपी गाडीतून उतरताच तलावात गेली. सगळं गाव पारीवर जमलं. वच्छलाबाईने कमरेची दोरी आवळली, फळी पाण्यात लोटली आणि वाऱ्यावर गेली. अशी वेगात गेली की साहेब खुर्चीतून अर्धे उठले. पारीला धडकून फिरलेली एक लाट समोर आली, तिने फळी त्या लाटेवर घातली आणि शीड, फळी, बाई असं सगळं हवेत उडालं. सर उडाले होते त्याहूनही उंच.

आता पुढचं नीट ऐका. वच्छलाबाई हवेत उलटी झाली आणि तिला काहीही वाटलं नाही. तिने निवांतपणे आजूबाजूला पाहिलं. गाव उलटं छान दिसत होतं. तेवढ्यात तिला आपल्या घराचं छप्पर दिसलं आणि छपरावरचं एक कवेलू सरकलेलं दिसलं. पाऊस गळतो तो इथूनच, तिच्या मनात आलं. मुखरूला दाखवावं म्हणून तिने दांड्यावरचा एक हात काढला आणि छपराकडे बोट केलं.

ती पाठीवर अशी पडली की आवाज पारीपर्यंत आला. सगळ्या बायांनी एकदम डोळे मिटले. साहेबांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि घड्याळात पाहिलं.

ती पोहत काठाला आली तेव्हा ओठ फुटून रक्त येत होतं आणि ती हसत होती. सत्यशीलाबाईंनी तिला दंडाला धरून बाजूला घेतलं. "काय झालं? हात काऊन सोडला?"

"बाई, वर गेल्यावर माले काईच वाटलं नाई," वच्छलाबाई म्हणाली. बोलता बोलता तिचं हसू थांबलं. "काईच वाटत नाई त हात धरून कायले ठेवू? माहं भेव वापस पायजे."

"तवा भेव लागे म्हून हात सुटे. आता नाई म्हून सुटला."

"ते माले नाई समजत. पण ते माहं होतं. माह्याबिगर ते कोनाच्या कामाचं नाई."

हे मात्र खरं होतं. सत्यशीलाबाईंनी साहेबांना आणखी एक चहा देववला आणि पारीवरच सभा बोलावली. इतक्या झटपट सहमती सावरबोडीत कधीच झाली नव्हती. लोक रांग लावून आले आणि वच्छलाबाईच्या ओल्या तळहातावर हात ठेवून आपापला हिस्सा परत करून गेले. बायनाबाईने तिथेच तलावात वाकून तोंड धुतलं. रुखमाने गाठ सोडली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून मोठा श्वास घेतला. मुखरूने हिस्सा परत केला आणि मग तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "लोक तसे काई एवढे हासत नाईत, वच्छला. मी पाहून घेतलं."

एकेक हात लागत गेला तसं वच्छलाबाईला सगळं जाणवायला लागलं. ओठ फुटला आहे आणि तो दुखतो आहे, हे तिला आता कळलं. पांदीतले पंजे आठवले आणि अंगावर काटा आला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी लहानूभाऊ राहिला. तो जागचा हलला नाही, तेव्हा तीच त्याच्यापुढे गेली.

"भाऊ, तुमच्याजवळचं द्या."

"माही सहमती नाई."

"भाऊ, आता तरी..." सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"नाई देत," तो म्हणाला. मग पाण्याकडे बघत, जणू पाण्यालाच सांगतो आहे असं बोलला, "पोरं तिकडं पुण्याले. बायको वारली तवापासून माह्या घरी वाट पाहाव असं कोनी उरलं नाई. आता ही पान्यात गेली का माह्या पोटात गोळा येते. ही आली का भूक लागते. कितीक वर्सानं भूक लागून राह्यली बाप्पा. ते मी नाई देत."

एक जरी नाही म्हणाला तरी ठराव होत नाही, हा नियम सगळ्यांनी मिळूनच केलेला होता. साहेब विचारत होते की नेमकं कशासाठी थांबलो आहोत. त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर त्यांनी ते कुठल्या रकान्यात लिहिलं असतं कोण जाणे.

वच्छलाबाई पुन्हा फळीवर चढली. नाकात पाणी जाणार होतं, डोलकाठी आदळणार होती, पँट सुटणार होती, पायाखाली काही नसणार होतं आणि लोक हसणार होते. सगळं जसंच्या तसं परत आलं होतं. फक्त एक जागा रिकामी होती. तिथे ती सवयीने चाचपून बघत होती आणि तिथे काही सापडत नव्हतं. ते पारीवर होतं, दुसऱ्याच्या ताब्यात.

लाट आली. फळी सुटली. भीतीने तिने दांडा असा आवळला की बोटं पांढरी पडली. मान मागच्या खांद्याकडे वळवली, मागचा हात छातीशी ओढला. आभाळ खाली गेलं, पाणी वर आलं. तिच्या तोंडून एक शिवी निघाली, ती माहेरची होती. मग फळीचा थाडकन आवाज झाला, ती पाण्यात कमरेपर्यंत बुडाली आणि वाऱ्यानेच तिला शिडासकट ओढून उभं केलं. ती उभी होती. हात दांड्यावरच होते.

पारीवर एकच गलका झाला. साहेब टाळ्या वाजवत होते आणि सामान इथेच राहणार असं हिंदीत परत परत सांगत होते. मुखरू लोकांच्या तोंडाकडे बघत होता. लोक हसत होते आणि तोही हसला. वच्छलाबाई काठाला लागली, फळी तिथेच टाकली आणि गर्दीतून वाट काढत लहानूभाऊकडे गेली. तो डोळे घट्ट मिटून उभा होता.

"आली का?" त्याने विचारलं.

"आली, भाऊ."

त्याने डोळे उघडले, तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हळूहळू खाली बसला.

"आता तरी द्या," ती म्हणाली. "झालं न आता सगळं."

"उद्या जाशीन का नाई पान्यात?"

वच्छलाबाईने तलावाकडे पाहिलं. "जाईन," ती म्हणाली.

"मंग राहू दे माह्याजवळ," लहानूभाऊ म्हणाला. गुडघ्यांवर हात टेकवून तो उठला, धोतर झटकलं आणि जेवायची वेळ झाली असं म्हणत घराकडे चालू लागला.